ज्युरीला काय सांगितलं होतं?

नानावटी खटल्याच्या दोन-चार गोष्टी मराठी वाचकाला पाठ असतात. देखणा नौदल अधिकारी, त्याची इंग्रज बायको, तिचा सिंधी मित्र, तीन गोळ्या, कमरेचा टॉवेल आणि दर आठवड्याला नानावटींची बाजू लढवणारा करंजियांचा ‘ब्लिट्झ’. त्यावर चित्रपट निघाले, रंगभूमीवर मधुसूदन कालेलकरांचं ‘अपराध मीच केला’ आलं. या गोष्टीचा शेवटही ठरलेला असतो : ज्युरी भावनेच्या लाटेत वाहून गेली, तिनं खुनी माणसाला सोडून दिलं आणि म्हणून सरकारनं ज्युरीच बंद करून टाकली.

हा शेवट मला कधीच पटला नाही. सर्वोच्च न्यायालयाचं २४ नोव्हेंबर १९६१ चं निकालपत्र शांतपणे वाचलं, तर त्यातली मोठी जागा ज्युरीच्या भावनांनी व्यापलेली नाही. ती व्यापली आहे न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या उपदेशानं. नऊ सामान्य माणसांना कायदा कसा समजावून सांगितला, कोणता पुरावा त्यांच्यापुढे ठेवला आणि कोणता राहून गेला, यावर तिथे पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. खुनाच्या खटल्यात ज्युरीनं दोषी ठरवलेला माणूस वरच्या कोर्टात जातो तेव्हा लढाई बहुधा याच जागी होते. आपल्याकडे ज्युरी गेली आणि ही लढाईही विस्मरणात गेली, म्हणून तिची ही उजळणी.

ज्युरीच्या खटल्यात कामाची वाटणी असे. वस्तुस्थिती ठरवायची ज्युरीनं, कायदा सांगायचा न्यायाधीशानं. दोन्ही वकिलांची भाषणं संपली की न्यायाधीश ज्युरीकडे वळून सगळ्या पुराव्याचा गोषवारा देत आणि लागू होणारा कायदा समजावत. वकिलांच्या बोलीत याला ‘चार्ज’ म्हणत. मग ज्युरी आत जाई आणि बाहेर येऊन ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढंच सांगे. का, ते सांगण्याचं बंधन तिच्यावर नव्हतं. त्यामुळे अपील करणाऱ्या वकिलाला ज्युरीच्या डोक्यात शिरायला कुठलीच वाट नसे. त्याच्या हाती उरे तो फक्त न्यायाधीशाचा चार्ज. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं तर फाशीची प्रकरणं वगळता ज्युरीच्या निकालावर साधारणपणे कायद्याच्या मुद्द्यावरच अपिलाची मुभा ठेवली होती. ज्युरीला चुकीचं मार्गदर्शन झालं, म्हणजेच ‘मिसडायरेक्शन’ झालं, हा त्यातला सगळ्यात धारदार मुद्दा. म्हणून कसलेले वकील चार्जमधलं वाक्य न् वाक्य तपासत.

महाराष्ट्राला याचा पहिला मोठा चटका बसला तो १८९७ साली, आणि खटला खुनाचा नव्हता. लोकमान्य टिळकांवरच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारविषयी प्रीतीचा अभाव म्हणजेच अप्रीती. गुन्ह्याची कक्षा इतकी रुंद करून दिल्यावर आत काय होणार ते उघड होतं. सहा युरोपियन ज्युरर ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ज्युरर ‘निर्दोष’. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. अपिलाची परवानगी मागण्यासाठी प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झालेले अॅस्क्विथ टिळकांच्या वतीनं उभे राहिले, आणि ज्युरीला झालेलं चुकीचं मार्गदर्शन हाच त्यांचा मुख्य मुद्दा होता. परवानगी नाकारली गेली. दुसऱ्याच वर्षी सरकारनं राजद्रोहाच्या कलमाचे शब्द बदलून घेतले. स्ट्रॅची बरोबरच होते, तर हा खटाटोप कशाला, असं विचारावंसं वाटतं.

खुद्द इंग्लंडमध्येही ज्युरीनं दोषी ठरवलेल्या माणसाला नियमित अपिलाचा हक्क १९०७ पर्यंत नव्हता. तो मिळण्यामागे गाजलेली दोन चुकीची प्रकरणं होती, आणि त्यातल्या एकाचं मूळ मुंबईत सापडतं. शापुरजी एडलजी हे मुंबईचे पारशी ख्रिस्ती होऊन इंग्लंडमधल्या ग्रेट वर्ली गावी धर्मगुरू झाले होते. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज १९०३ साली जनावरं भोसकल्याच्या आरोपाखाली तुरुंगात गेला. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी त्याची बाजू घेऊन रान उठवलं. लोकमताच्या त्या रेट्यानं फौजदारी अपील न्यायालयाचा कायदा व्हायला मदत झाली. मात्र कायद्यात एक पळवाट ठेवलेली होती. खटल्यात चूक झाली असली तरी प्रत्यक्षात मोठा अन्याय झालेला नाही असं न्यायाधीशांना वाटलं, तर अपील फेटाळता येत असे.

ही पळवाट वूलमिंग्टनच्या गळ्याचा फास झाली होती. १९३४ च्या डिसेंबरातली गोष्ट. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातला रेजिनाल्ड वूलमिंग्टन हा एकवीस वर्षांचा शेतमजूर. लग्नाला काही महिनेच झाले होते, आणि बायको त्याला सोडून आईकडे निघून गेली होती. मालकाची बंदूक उचलून, तिची नळी कापून तो बायकोकडे गेला. गोळी सुटली, बायको मेली. त्याचं म्हणणं असं की परत आली नाहीस तर जीव देईन, एवढीच धमकी द्यायची होती, बंदूक चुकून उडाली. टाँटनला पहिल्या ज्युरीचं एकमत झालं नाही. ब्रिस्टलला फेरखटला झाला. तिथे न्यायमूर्ती स्विफ्ट यांनी ज्युरीला सांगितलं की आरोपीच्या हातून मृत्यू झाला एवढं सरकार पक्षानं सिद्ध केलं की तो खूनच मानायचा, खून नाही हे दाखवून देणं आरोपीचं काम. हा नियम अठराव्या शतकातल्या फॉस्टर यांच्या ग्रंथातून पिढ्यान्‌पिढ्या उचलला जात होता. ज्युरीनं दोषी म्हटलं, शिक्षा फाशीची. अपील न्यायालयानं वरच्या पळवाटेचा आधार घेऊन अपील फेटाळलं.

मग सरकारच्या अॅटर्नी जनरलच्या खास परवानगीनं प्रकरण उमरावांच्या सभेत गेलं आणि लॉर्ड सँकी यांनी दीडशेहून अधिक वर्षांची ती समजूत मोडून काढली. इंग्लंडच्या फौजदारी कायद्याच्या साऱ्या जाळ्यातून एकच सोनेरी धागा गेलेला आहे, असं ते म्हणाले : आरोपीचा गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. आरोपीला आपलं निरपराधित्व सिद्ध करावं लागत नाही. ज्युरीच्या मनात वाजवी शंका आली की पुरे. ज्युरीला बरोबर सांगितलं असतं तर तिनं हाच निकाल दिला असता असं कुणी ठामपणे म्हणू शकत नाही, म्हणून शिक्षा रद्द. फाशीची वाट पाहणारा शेतमजूर १९३५ च्या वसंतात सुटला. बंदूक खरोखर चुकून उडाली का, हे उमरावांच्या सभेनं ठरवलंच नाही. तिनं फक्त ज्युरीला काय सांगितलं होतं ते पाहिलं.

आता मुंबई. २७ एप्रिल १९५९. कमांडर कावस माणेकशॉ नानावटी, आयएनएस म्हैसूरवरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, बोटीवरून घरी आले होते. सकाळी नवरा-बायको आजारी कुत्र्याला घेऊन परळच्या जनावरांच्या दवाखान्यात गेले, येताना मेट्रो सिनेमाची तिकिटं काढली. जेवणानंतर पत्नी सिल्व्हियानं मित्र प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी बायकामुलांना मेट्रोवर सोडलं, बोटीवर गेले, रात्री गाडीनं एकट्यानं अहमदनगरला जायचंय असं खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, ती तपकिरी पाकिटात घातली, आधी आहुजाच्या कचेरीत डोकावले आणि तिथून सेटलवाड रोडवरच्या ‘जीवन ज्योत’मध्ये गेले. नोकरानं दार उघडलं. नानावटींनी निजण्याच्या खोलीत शिरून दार लावलं. आहुजा नुकताच न्हाऊन आला होता, कमरेला टॉवेल. थोड्या वेळानं नानावटी बाहेर आले आणि पुढे पोलिसांच्या स्वाधीन झाले.

सत्र न्यायाधीश रतिलाल भाईचंद मेहता यांच्यापुढे नऊ जणांच्या खास ज्युरीनं खटला ऐकला. बचावाचं म्हणणं असं : नानावटी फक्त विचारायला गेले होते, तू माझ्या बायकोशी लग्न करून मुलांना सांभाळशील का? आहुजानं अपमानकारक उत्तर दिलं, पाकिटाकडे झेप घेतली, झटापट झाली, गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात. ज्युरीनं आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. मेहतांना हा निकाल मुळीच मान्य झाला नाही. कोणत्याही समंजस माणसांना या पुराव्यावरून असा निष्कर्ष काढता येणार नाही, असं म्हणून त्यांनी कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडलं.

हे कलम ३०७ लक्षात घेण्याजोगं आहे. त्या काळी इंग्लंडात ज्युरीनं सोडलेला माणूस कायमचा सुटत असे. इथे मात्र ज्युरीवर विश्वास न बसलेल्या न्यायाधीशाला दार उघडं ठेवलं होतं, आणि उच्च न्यायालयाला ज्युरीच्या निकालापलीकडे जाऊन सगळा पुरावा नव्यानं तोलता येत होता. राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानला ज्युरी दिली खरी, पण दोरी आपल्या हातात ठेवून.

मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती शेलत आणि नाईक यांच्यापुढे सुनावणी झाली. मूळ खटल्यात नानावटींची बाजू कार्ल खंडालावाला यांच्याकडे होती. कायद्याच्या क्षेत्राबाहेर त्यांना भारतीय चित्रकलेचे जाणकार म्हणून ओळखत. उच्च न्यायालयात सरकारतर्फे उभे होते पुण्यात जन्मलेले यशवंत विष्णु चंद्रचूड, पुढचे सरन्यायाधीश. चंद्रचूडांनी नेम धरला तो ज्युरीवर नाही, चार्जवर. अपघात होता हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते, ते ज्युरीला नीट सांगितलं नाही. अपघाताच्या कलमात काय काय बसावं लागतं तेही उलगडलं नाही. चिथावणी तिसऱ्याच व्यक्तीकडूनही येऊ शकते असं ज्युरीला समजावलं. पुराव्यातले महत्त्वाचे दुवे एकत्र गुंफून ज्युरीपुढे ठेवले नाहीत.

शेलत यांना चार्जमध्ये गंभीर चुका दिसल्या, आणि सगळा पुरावा पाहून ते ‘दोषी’ या निष्कर्षावर आले. नाईक यांनी दुसरा रस्ता धरला : चार्ज कसाही असो, या पुराव्यावर असा निकाल समंजस माणसं देणार नाहीत. रस्ते दोन, मुक्काम एक. ११ मार्च १९६० रोजी जन्मठेपेची शिक्षा झाली. ज्यांचा चार्ज चुकला असं ठरलं, तेच मेहता ज्युरीच्या निकालाविरुद्ध वर गेले होते, हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा विरोधाभास, आणि लोकांच्या तोंडी असलेल्या गोष्टीत नेमका तोच गळतो.

नानावटी सर्वोच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित करून त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला आणि त्यावर वेगळाच घटनात्मक वाद पेटला. त्यात शिरायचं कारण नाही. अपील सर्वोच्च न्यायालयापुढे असताना राज्यपालांचा असा आदेश चालणार नाही, असं घटनापीठानं सप्टेंबर १९६० मध्ये बहुमतानं ठरवलं, एवढं पुरे. दरम्यान १ मे रोजी मुंबई राज्य जाऊन महाराष्ट्र आला होता, म्हणून मुख्य अपिलाच्या निकालावर प्रतिवादी म्हणून महाराष्ट्र राज्याचं नाव आहे.

एस. के. दास, सुब्बाराव आणि रघुवर दयाळ यांच्या पीठापुढे बचावानं पहिला घाव घातला तो अधिकाराच्या मुद्द्यावर. मेहतांनी प्रकरण पाठवताना आपल्याच चार्जमध्ये चुका आहेत असं काही म्हटलं नव्हतं, मग उच्च न्यायालयानं त्या कशा शोधल्या? मुद्दा दिसतो तितका पोकळ नाही. सुब्बारावांनी तो नाकारला. प्रकरण वर गेल्यावर उच्च न्यायालयाचे हात बांधलेले नसतात, न्यायाधीश आणि ज्युरी दोघांच्या मताला योग्य वजन देऊन त्यानं सगळा पुरावा तपासायचा असतो, असा त्यांचा निर्वाळा.

पुढचा भाग वूलमिंग्टनशी थेट भिडतो. ब्रिस्टलच्या ज्युरीला आरोपीवर नको तेवढा बोजा सांगितला गेला, मुंबईच्या ज्युरीला आरोपीवर असलेला बोजा पुरेसा सांगितलाच गेला नाही. चुका एकमेकींच्या अगदी उलट. सोनेरी धागा इथेही आहे, असं सुब्बाराव म्हणतात. गुन्ह्याचे सगळे घटक सिद्ध करणं सरकार पक्षाचंच काम आणि ते ओझं कधीच सरकत नाही. पण पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे एखाद्या अपवादाचा आसरा घेणाऱ्या आरोपीला तो अपवाद दाखवावा लागतो. दंड संहितेचं कलम ८०, म्हणजे अपघाताचं कलम, नुसतं ‘चुकून झालं’ म्हणून लागू होत नाही. कृत्य कायदेशीर हवं, पद्धत आणि साधनं कायदेशीर हवीत, आणि योग्य ती काळजी घेतलेली हवी.

इथे सुब्बारावांनी जी बारीक रेघ ओढली, तिच्यामुळे हे निकालपत्र आजही कोर्टात उघडलं जातं. अपघाताचा पुरावा अपवाद सिद्ध करायला कमी पडला, तरी त्यातून आरोपीच्या हेतूविषयी वाजवी शंका उभी राहत असेल, तर सरकार पक्षाचाच घटक कोसळतो आणि आरोपी सुटतो. इंग्लंडचा नियम आणि आपला कायदा यांतली वरवर दिसणारी विसंगती त्यांनी अशी मिटवली. माझ्या मते सबंध निकालपत्रातला हा सर्वोत्तम भाग आहे, आणि सिनेमावाल्यांना त्याचा उपयोग शून्य.

ज्युरीला यातलं काय कळायला हवं होतं? भरलेलं रिव्हॉल्व्हर खोटं बोलून मिळवायचं, पाकिटात लपवून न्यायचं, दुसऱ्याच्या निजण्याच्या खोलीत शिरून दार लावायचं, याला ‘योग्य ती काळजी’ म्हणता येईल का? हा प्रश्न ज्युरीपुढे सरळ ठेवायला हवा होता. तो ठेवला असता आणि तरीही आठ जण ‘निर्दोष’ म्हणाले असते, तर ज्युरी बहकली असं म्हणण्यात अर्थ होता. प्रश्नच नीट न मांडता उत्तर चुकलं म्हणून हसण्यात कसला शहाणपणा?

पुरावा तपासताना मात्र सर्वोच्च न्यायालयानं बचावाला फारशी जागा ठेवली नाही. झटापट झाली म्हणावं तर आहुजाच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता, सुटलेला नाही की घसरलेला नाही. नोकरांच्या साक्षीप्रमाणे खोलीतला सगळा प्रकार क्षणभरात आटोपला. गोळ्या तीन होत्या, आणि रिव्हॉल्व्हरमधून प्रत्येक गोळी सुटायला चाप नव्यानं ओढावा लागतो. गोळीबारानंतर नानावटी ज्या ज्या व्यक्तीला भेटले, त्यांतल्या कुणालाही अपघात झाला असं त्यांनी सांगितलं नाही.

चिथावणीचा मुद्दा उरला होता. गंभीर आणि अचानक चिथावणी सिद्ध झाली असती तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आला असता. आरोपीच्या समाजातला, त्याच परिस्थितीतला समंजस माणूस मनावरचा ताबा घालवून बसला असता का, ही कसोटी सुब्बारावांनी लावली. आपल्याकडे नुसते शब्दही चिथावणी ठरू शकतात, मृताच्या आधीच्या वागण्यानं तयार झालेली मनःस्थितीही जमेस धरता येते, हे त्यांनी मान्य केलं. पण घाव त्या रागाच्या भरातच पडलेला हवा. नानावटी दीडच्या सुमारास घरातून निघाले, आहुजा मेला चार वीसच्या सुमारास. मध्ये सिनेमागृह, बोट, शस्त्रागार, कचेरी. रागाच्या भरातला माणूस मुलांना सिनेमाला पोचवून संध्याकाळी न्यायला येतो म्हणून सांगत नाही. अपील फेटाळलं गेलं.

निकाल मला कायद्यानं योग्य वाटतो. अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. वूलमिंग्टनच्या खटल्यात न्यायाधीशाची चूक आरोपीच्या पथ्यावर पडली, कारण प्रश्न ज्युरीच्या ‘दोषी’ या उत्तराचा होता. नानावटींच्या खटल्यात न्यायाधीशाच्या चुकीमुळे नऊ नागरिकांच्या ज्युरीनं दिलेली सुटका पुसली गेली. चार्ज चुकला हेच कारण असेल, तर नव्या ज्युरीपुढे बरोबर चार्ज देऊन खटला पुन्हा चालवणं अधिक न्याय्य ठरलं नसतं का? कलम ३०७ न्यायालयाला तसं करायला भाग पाडत नव्हतं. शेवटी उत्तर दिलं ते न्यायमूर्तींनी.

आणि ज्युरी ‘या खटल्यामुळे’ गेली, हेही तितकंसं खरं नाही. सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं आपल्या चौदाव्या अहवालात ज्युरी रद्द करण्याची शिफारस १९५८ सालीच केली होती, म्हणजे आहुजाच्या मृत्यूच्या आधी. नानावटींनंतरही कलकत्त्यासारख्या ठिकाणी ज्युरीचे खटले चालत राहिले. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागाच ठेवली नाही. पारशी विवाह न्यायालयात समाजाचे प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसतात, तेवढाच ज्युरीचा अवशेष. पारशी नानावटींच्या गोष्टीला जोडून हे सांगायला हरकत नाही.

आज सत्र न्यायाधीशच वस्तुस्थिती ठरवतो आणि कारणं लिहितो, त्यामुळे अपिलात त्याचं डोकं कागदावर वाचता येतं. चार्जमधली वाक्यं चाळण्याची वकिलांची ती कला इतिहासजमा झाली. पुरावा कायद्याचं कलम १०५ मात्र गेलं नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम १०८ म्हणून आहे, अपघाताचं जुनं कलम ८० न्याय संहितेत कलम १८ झालं आहे, आणि आरोपीवरच्या ओझ्याचा वाद उभा राहिला की वकील अजूनही नानावटींचाच निकाल काढतात. तो निकाल इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. सिनेमा पाहून त्या नऊ जणांना नावं ठेवण्याआधी, त्यातला चार्जविषयीचा भाग तेवढा वाचा.